ऐकण्याची नोकरी

माघ वद्य पंचमी, गुरुवार, सकाळचे साडेदहा. तिथी अम्माने सांगितली होती, वेळ दुकानातल्या घड्याळाने. त्या वेळी मी दादरच्या एका साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीच्या कडेला अनवाणी उभा होतो. दुकानाने मला एका दिवसापुरते बोलावले होते. पसंत पडलो तर नोकरी. नाही पडलो तर संध्याकाळी नायना, म्हणजे माझे वडील, लिंगय्या जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसे लावणाऱ्या मुकादमाच्या, खोलीवर जाऊन माझे नाव सांगणार होते, आणि ते निवृत्त झाले की लालबागच्या गिरणीतल्या त्यांच्या साच्यांवर मी उभा राहणार होतो. साचे म्हणजे विणण्याची यंत्रे; ती चालवणारा निवृत्त झाला की त्याची जागा मुलाला मिळे. मुलगा नको म्हणाला तर जॉबरने आपल्या भाच्याला तयार ठेवलेच होते. एकदा दुसऱ्याकडे गेलेली जागा घरात परत येत नसे. म्हणून त्या दिवशी दुकान एकट्या मला जोखत नव्हते.

आम्ही काळाचौकीला राहत होतो. आम्ही पद्मशाली, विणकर. आजोबा तेलंगणातून हातमाग मोडून सोलापूरला आले आणि सोलापुरातून मुंबईला. तिसऱ्या पिढीतही घरात तेलुगू बोलली जाई, आणि ती ओरडून बोलली जाई. नायनांचे कान साच्यांनी खाल्ले होते. विणकाम खात्यात जन्म काढलेला माणूस ऐकत नाही, ओठ पाहतो. नायनांशी बोलायचे तर त्यांच्यासमोर बसावे, प्रत्येक शब्द सावकाश, तोंड पूर्ण उघडून उच्चारावा, आणि वर पुन्हा मोठ्याने. परिणामी आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट सगळ्या मजल्याला ऐकू जाई आणि कुणालाही कळत नसे. चाळीतल्या पोरांनी आम्हाला 'अंडुगुंडू' हे नाव ठेवले होते. ते आम्हाला लागत नसे असे म्हणणार नाही. सवय झाली होती.

त्या घराची आठवण आता पाण्याखालून यावी तशी येते. भिंतीपलीकडे, रस्त्यापलीकडे, कुठेतरी सतत गिरण्यांची घरघर असे. ती इतकी अखंड होती की ऐकूच येत नसे. सुट्टीच्या दिवशी ती थांबली की आम्ही दचकून जागे होत असू. दुपारी गॅलरीतून ऊन आत येई आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहत. खाली बसत नसत, वर जात नसत. नायना कामावरून येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर ती पांढरी लव असे, आणि अंगाला सुताच्या खळीचा आंबूस वास. अम्मा त्यांच्या समोर ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी ठेवी. अंबाडी ती चिंचेपेक्षा आंबट आणि आगीपेक्षा तिखट करी. शेजारच्या परबवैनी मालवणच्या, त्यांनी ती भाजी एकदा हौसेने चाखली आणि तांब्याभर पाणी पिऊन म्हणाल्या, "गो बाय, ह्यां खातत काय ह्येच्यान चूल पेटयतत?" अम्मा हसली. दुसऱ्या दिवशी वैनींनी सोलकढी आणून दिली, आणि पुढे कित्येक वर्षे आंबटाच्या बदल्यात आंबट असा तो व्यवहार चालू राहिला. अम्माचे मराठी तेवढ्यावरच वाढले. भाजीवाला, परबवैनी आणि पाण्याच्या नळावरचे भांडण, एवढ्यापुरते तिला ते लागत होते आणि एवढेच तिला येत होते.

त्या काळी मला कळले नाही, पण आज कळते ते असे, की आमच्या लोकांचा मुंबईच्या पोटात एक वेगळा बाजार होता आणि त्या बाजारात तेलुगू हेच चलन होते. खेड्यातून पोरगा आला की लिंगय्या जॉबरच्या दारात उभा राही. जॉबर त्याचे घराचे नाव विचारी, ते पटले की खोलीत पथारीपुरती जागा देई, मग गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लावी, पुढे लग्नही जमवी. माणूस मेला तर चार खांदेही त्याच्याच शब्दावर येत. याच्या बदल्यात तो फक्त एक गोष्ट मागे: बाहेर जायचे नाही. गिरणी बदलायची तर त्याला विचारून, खोली सोडायची तर त्याला विचारून. यात जुलूम होता असे मला वाटत नाही. बाहेर आम्हाला कुणी ओळखत नव्हते. आत ओळखणारा एक माणूस होता, आणि ओळखण्याची तो किंमत घेत होता. बाहेरचा बाजार मात्र कितीतरी मोठा होता. तिथे मराठी चाले. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून मॅट्रिक झालो होतो, आणि वर्गात डोळे मिटून ऐकले तर मी कोण हे गुरुजींनाही सांगता आले नसते.

परबवैनींचा भाऊ दादरच्या त्या दुकानात गठ्ठे उचलण्याचे काम करी. त्याने मालकांना सांगितले होते की आमच्या बहिणीच्या शेजारचा पोरगा आहे, मराठी आपल्यासारखे बोलतो आणि त्यांचे तेलुगूही सगळे समजते. दुसऱ्या गोष्टीत मालकांना रस का असावा, याचा विचार मी केला नाही. सकाळी निघालो तेव्हा वैनी दारात तांदूळ निवडत होत्या.

"काय रे, येवढो नटान खंय चल्लस? दादराक?"

"हो वैनी."

"थंय जावन गप रव. तुझ्या बापाशीसारख्यो बोंबो मारू नको."

मी काळाचौकीहून परळमार्गे चालत गेलो. थंडी सरत आली होती. हवेत ते माघातले पिवळट, विरविरीत ऊन होते. त्यात पुलाखालची माणसे, हातगाड्या, गिरण्यांच्या चिमण्या, सगळे एकाच धाग्याचे विणले असावे असे सपाट दिसत होते. दादरला पोहोचलो तेव्हा कानात अजून घरघर होती. दुकानात शिरलो आणि ती एकदम नाहीशी झाली. कापड आवाज पिऊन टाकते. भिंतीभर छतापर्यंत साड्यांच्या घड्या, खाली गादी, लोड, आणि त्या मऊ शांततेत कुणीतरी रेशीम उलगडल्याचा आवाज. वाळूवरून पाणी परत जावे तसा.

मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पन्नाशीचे, नीटनेटके, गोरे गृहस्थ. त्यांनी मला चार वाक्ये बोलायला लावली, मग एक साडी घडी करायला लावली. मग आतल्या खोलीत बोलावले.

"घरी काय बोलता?"

"तेलुगू."

"सगळं कळतं? हळू बोललेलं? अर्धवट बोललेलं?"

"कळतं."

"ऐक तर. सोलापूरची विणकर मंडळी माल घेऊन येतात. माणसं चांगली आहेत. माझ्याशी मराठीत बोलतात, आणि भावावर आलो की आपसांत तुमचं ते सुरू करतात. इतकी वर्षं मी समोर बसून भिंतीकडे बघतोय. आज एक म्हातारा यायचाय, मुलाला घेऊन. तू काही करायचं नाहीस. घड्या घालायच्या आणि चेहरा मख्ख ठेवायचा. ते गेले की मला सांगायचं."

"काय सांगायचं?"

"ऐकलेलं. पोपटासारखं. तुझं मराठी चांगलंच आहे रे, पण तसं मराठी बोलणारी दहा पोरं मला या फुटपाथवर मिळतील."

मी मान हलवली. आता वाटते की व्यवहार म्हणून त्यांचे म्हणणे अगदी चोख होते. जी भाषा लपवण्यासाठी मी शाळेत इतकी वर्षे घालवली, तिलाच बाहेरच्या बाजारात गिऱ्हाईक निघाले होते. मात्र ती मला येते हे कुणाला कळता कामा नये, आणि ती मी माझ्याच माणसांविरुद्ध वापरावी, या अटीवर.

ते दोघे दुपारी आले. म्हातारा काटक होता. डोक्याला पांढरा रुमाल, बोटांच्या पेरांवर सुताने पाडलेल्या बारीक चिरा. मुलगा तिशीचा, घामेजलेला. त्यांनी गाठोडे सोडले. रुईफुली काठाच्या सुती साड्या होत्या. भाऊसाहेबांनी एक उलगडली, उजेडात धरली, चुरगळून सोडली, आणि एक भाव सांगितला. म्हाताऱ्याने मराठीत हसून मान हलवली. "साहेब, ह्यात तर सूतबी येत न्हाई," म्हणून त्याने आपला भाव सांगितला. भाऊसाहेबांनी आपलाच भाव पुन्हा सांगितला. तेव्हा मुलगा बापाकडे झुकला आणि तेलुगूत, ओठ न हलवता म्हणाला, की ताणू नका, घरी माग रिकामे उभे आहेत, म्हणेल त्या भावाला देऊन टाका, संध्याकाळची गाडी गाठायची आहे.

मी घडी घालत होतो. एक शब्दही सुटला नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण त्यांचा अंगठा गादीवर एकदा वाजला.

मग म्हाताऱ्याने गाठोड्यातली आणखी एक साडी उचलून माझ्या हातात दिली, की हीही दाखव. आमच्यात एक रीत आहे. कापड मागावरून उतरले की घरची बाई त्याच्या आतल्या कोपऱ्याला हळदीचे बोट लावते, तांदळाच्या दाण्याएवढे. आणि नवे कापड हातात घेणारा आधी तो कोपरा उलटून हळद पाहतो, डोळ्यांना लावतो, मगच कापड उलगडतो. हे शिकवावे लागत नाही. नायनांनी गिरणीतून कापड आणले की अम्मा हळद लावी आणि आम्ही डोळ्यांना लावत असू. गिरणीच्या यंत्रावर निघालेल्या कापडालासुद्धा. त्या दुपारी, चेहरा मख्ख ठेवून, मी साडी घेतली, आतला कोपरा उलटला, हळदीचा ठिपका पाहिला आणि डोळ्यांना लावला. मग उलगडली.

वर पाहिले तेव्हा म्हातारा माझ्याकडे बघत होता. भाऊसाहेबांच्या लेखी पोराने कापडाला नमस्कार केला होता, यापलीकडे काही घडले नव्हते. पण म्हाताऱ्याला सगळे समजले होते: मी कोण, तिथे का बसलो आहे, आणि त्याच्या मुलाने आत्ताच काय बोलून ठेवले आहे. तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते. दुकानात फार शांतता होती. रस्त्यावरून फुलांची हातगाडी गेली आणि शेवंतीचा वास आत येऊन गादीवर बसल्यासारखा थांबला. मला वाटले, मी झोपेत आहे आणि कुणीतरी मला नावाने हाक मारणार आहे.

म्हातारा मुलाकडे वळला. पण तोंड त्याने माझ्या बाजूला ठेवले, आणि बहिऱ्याशी बोलावे तसे, प्रत्येक शब्द सुटा करून तेलुगूत म्हणाला, "आपल्या पहिल्या भावाखाली एक पैसा उतरायचं नाही. नाहीतर गाठोडं बांध, समोरच्या दुकानात जाऊ." तसे बोललेले मी जन्मभर घरी ऐकत आलो होतो.

भाऊसाहेबांनी त्यांना चहा घ्या म्हणून बाहेर पायरीवर बसवले आणि मला आत नेले.

"हं?"

"आपल्या पहिल्या भावाखाली उतरणार नाहीत. नाहीतर समोर जातील."

"आणि तो पोरगा काय पुटपुटत होता?"

"संध्याकाळची गाडी गाठायची आहे म्हणत होता."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी मख्ख चेहरा ठेवला. तो मला जमत होता. शेवटी त्यांनी उसासा टाकला आणि बाहेर जाऊन म्हाताऱ्याला त्याचा भाव दिला. मी ऐकलेल्या वाक्यांपैकी कोणते सांगावे याबद्दल मला कुणी काही सांगितले नव्हते. सांगितले त्यात खोटे काही नव्हते.

गाठोड्याचे रिकामे फडके घडी करून देण्यासाठी मी त्यांच्यामागे फुटपाथवर उतरलो. मुलगा पुढे गेला. म्हातारा थांबला.

"एवरि पिल्लगाडिवि?" कुणाचा रे तू पोरगा?

मी आमच्या घराचे नाव सांगितले. वंगा. कुठले वंगा, आजा कोण, आजी कुठल्या घरची, असे करत त्याने दोन-चार वळणांत मला आपल्या मावशीच्या सासरी नेऊन पोहोचवले आणि समाधानाने मान हलवली. मग दुकानाच्या पाटीकडे पाहिले.

"नोकरी दिली का तुला?"

"अजून नाही."

"देईल. हुशार माणूस आहे. बस इथं. आम्ही यापुढं आपसांत मराठीत कुजबुजू, आणि तेलुगू तुझ्या शेठसाठी ठेवू." तो स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. मग हसू आवरून म्हणाला, "माझा नातू पण असाच कुठंतरी बसेल एक दिवस. तेव्हा त्याला निदान कळलं तरी पाहिजे आम्ही काय बोलतो ते."

संध्याकाळी भाऊसाहेबांनी उद्यापासून ये म्हणून सांगितले. त्या दुकानात मी निवृत्त होईपर्यंत होतो. सोलापूरचे विणकर येत राहिले, भावाच्या वेळी मोठ्याने, स्वच्छ तेलुगूत बोलत राहिले, आणि मी ते भाऊसाहेबांना सांगत राहिलो. त्यांना सगळे ठाऊक होते की काय, हे मी कधी विचारले नाही. ते मूर्ख नव्हते. माल उत्तम मिळे आणि समोरच्या दुकानाला मिळत नसे, हे त्यांना दिसत होते. माझ्या मुलांना तेलुगू येत नाही. दोघेही चांगल्या पगारावर आहेत. त्यांना ती शिकवली नाही, कारण त्यांच्या बाजारात तिला कुणी गिऱ्हाईक नव्हते, अशा भाषेत मी स्वतःशी हिशेब मांडतो. अम्मा गेली त्या दिवसापासून माझ्याशी कुणी तेलुगूत बोललेले नाही. आता ती कधीतरी दुपारच्या झोपेत ऐकू येते. कोण बोलते ते दिसत नाही.

त्या संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा नायना पहिली पाळी करून, आंघोळ करून दारात बसले होते. मी समोर बसलो.

"लागलो," मी म्हणालो.

"कशासाठी घेतलं तुला?"

मी सांगितले. सावकाश, तोंड उघडून. मुलाने काय म्हटले, म्हाताऱ्याने काय म्हटले, हळदीचे बोट, सगळे. आतल्या खोलीत अम्माचा हात परातीत थांबला. मजल्यावर सगळ्यांना ऐकू जात होते आणि कुणालाही कळत नव्हते. नायना माझ्या ओठांकडे पाहत राहिले.

"मालकाला कुठलं सांगितलंस?"

"म्हाताऱ्याचं."

ते उठले, खुंटीवरचा सदरा चढवला, आणि मला चल म्हणून खूण केली.

लिंगय्या जॉबर खाटेवर बसून सुपारी कातरत होता. आम्हाला पाहून त्याने पाय जवळ घेतले आणि खाटेवर जागा केली. नायना बसले नाहीत.

"या वंगा. पोराचं नाव सांगा म्हणजे उद्या साहेबाच्या कानावर घालतो."

"भाच्याचं घाला."

अडकित्ता थांबला. जॉबरने माझ्याकडे पाहिले, मग नायनांकडे. "दादरला चाललंय म्हणे पोरगं. लुगड्यांच्या घड्या घालायला. वंगा, तुझ्या बापाला मी अंगावरच्या धोतरानिशी आलेला पाहिलाय. त्या लोकांत हा त्यांचा कधी होणार नाही, आणि आपल्यात राहणार नाही. मधल्यामध्ये लोंबकळेल. उद्या त्याला पोरगी कोण देणार? तुझ्या दारात माणसं कुणाच्या शब्दावर येणार?"

हे सगळे त्याने नायनांच्या तोंडासमोर तोंड धरून, गिरणीच्या सवयीने, शब्द न् शब्द सुटा करून म्हटले होते. भर पाळीत, साऱ्या साच्यांच्या गदारोळात, पलीकडच्या ओळीतल्या माणसाने नुसती ओठांनी दिलेली शिवी नायनांना कळत असे.

नायनांनी कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं, मामा."

जॉबरने ते पुन्हा सांगितले. या वेळी ओरडून. शेजारच्या खोलीतली माणसे दारात आली.

"नाही आलं," नायना नम्रपणे म्हणाले. "भाच्याचं नाव घाला तेवढं."

त्यानंतर जॉबरने आमच्या घरी पाऊल ठेवले नाही. समाजाच्या जेवणात आमची पाने पंगतीच्या टोकाला लागू लागली, आणि माझे लग्न ठरायला बराच उशीर झाला. त्याने सांगितले त्यातले निम्मे खरे ठरले.

 त्या संध्याकाळी जॉबरकडून घरी आल्यावर नायनांनी माळ्यावरून आजोबांचा जेवणाचा पितळी डबा काढून माझ्यापुढे ठेवला. त्याची कडी वाकलेली होती. मी परबवैनींकडून पक्कड मागून आणली, कडी सरळ केली, डबा चिंचेने घासला आणि रात्री सुकावा म्हणून नायनांच्या डब्याशेजारी पालथा घातला.